समुद्रापासून 20 किलोमीटर आत

चक्रीवादळाची बातमी आली की ठाण्यातली बहुतेक माणसे नकाशाकडे एकदा पाहतात आणि निश्चिंत होतात. वादळ अलिबागला किंवा मुरुडला धडकणार, फार तर वसई-डहाणूकडे वळणार. आपण समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे 20 किलोमीटर आत, मध्ये मुंबईची उपनगरे आणि येऊरचा डोंगर, तेव्हा आपल्याकडे थोडा वारा आणि थोडा पाऊस एवढेच होईल, असा तो हिशेब असतो. वाऱ्यापुरता हा हिशेब बराचसा खरा आहे, पण पाण्याच्या बाबतीत तो चुकतो. आपल्या जिल्ह्याने गेल्या दोन दशकांत जे मोठे नुकसान सोसले आहे ते पाण्यामुळे सोसले आहे, हे आठवले तर समुद्रापासूनचे अंतर मोजून स्वस्थ बसण्यात अर्थ नाही, असे मला मनापासून वाटते.

चक्रीवादळाला बळ मिळते ते उबदार समुद्राच्या पृष्ठभागावरून उठणाऱ्या बाष्पातून. जमिनीवर शिरताच हा पुरवठा तुटतो, शिवाय झाडे, इमारती आणि डोंगर यांच्या घर्षणाने वारा काही तासांत मंदावतो. मात्र वादळाने सोबत आणलेले बाष्प किनारा ओलांडल्याबरोबर नाहीसे होत नाही. ते आत सरकत राहते, आणि वाटेत डोंगर आडवा आला तर वर ढकलले जाऊन तेथेच कोसळते. भारतीय हवामान विभाग वादळाची प्रतवारी वाऱ्याच्या वेगावरून करतो. ताशी 62 किलोमीटरचा टप्पा गाठला की ते ‘चक्रीवादळ’ ठरते आणि त्याला नाव मिळते, 89 ला ते ‘तीव्र’ होते आणि 118 ला ‘अतितीव्र’. या प्रतवारीत पावसाचा उल्लेखही नाही. त्यामुळे ‘वादळाची तीव्रता कमी होऊन त्याचे कमी दाबाच्या पट्ट्यात रूपांतर झाले’ हे वाक्य बातमीत ऐकून आपण सुटकेचा श्वास सोडतो, तेव्हा कदाचित डोंगरापलीकडच्या एखाद्या नदीच्या खोऱ्यात सर्वाधिक पाऊस त्याच वेळी पडत असतो.

सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत हेच घडले. ‘हेलेन’ हे वादळ 26 तारखेच्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकले, आणि तेथून 600 किलोमीटरहून अधिक आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात सुमारे 650 मीटर उंचीवर वसलेल्या ॲशव्हिल शहराला दुसऱ्या दिवशी पुराने वेढले. वादळ पोहोचण्याआधीच तेथे मोठा पाऊस होऊन जमीन पाण्याने तुडुंब झाली होती, त्यामुळे नंतर पडलेले पाणी मुरायला जागा उरली नव्हती. तेथील फ्रेंच ब्रॉड नदीने 1916 सालच्या महापुराची पातळी ओलांडली. तो 1916 चा पूरही लागोपाठ आलेल्या दोन वादळांच्या पावसाने आला होता, म्हणजे इशारा शंभर वर्षांपूर्वीच मिळालेला होता. ॲशव्हिलमधली मला सर्वांत बोचणारी गोष्ट मात्र पूर ओसरल्यानंतरची आहे. शहराच्या मुख्य जलवाहिन्या वाहून गेल्या आणि नळाला पिण्यायोग्य पाणी यायला नोव्हेंबरचा मध्य उलटला. आपणही उल्हास आणि भातसा या नद्यांतूनच पाणी उचलतो. नदीला पूर आला की पंप बंद ठेवावे लागतात आणि गाळाने पाणी गढूळ होते, हे ठाणेकर दर एक-दोन पावसाळ्यांनी अनुभवतात, तरीही पुराच्या तयारीत पिण्याच्या पाण्याचा विचार सर्वांत शेवटी होतो.

आपल्या भागापुरते पाहिले तर 3 जून 2020 चे ‘निसर्ग’ सर्वांच्या स्मरणात असेल. ते मुंबई-ठाण्यावर येणार अशी शक्यता आदल्या दिवसापर्यंत सांगितली जात होती. प्रत्यक्षात ते अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. आपल्या गोलार्धात वादळाच्या वाटचालीच्या उजव्या बाजूला वारा अधिक जोराचा असतो, आणि ईशान्येकडे सरकणाऱ्या ‘निसर्ग’च्या उजव्या बाजूला श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोली हे तालुके होते. तेथील नारळी-पोफळीच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. आपण डाव्या बाजूला राहिलो आणि बचावलो. पण हेच वादळ घाट चढून मावळ आणि जुन्नरपर्यंत गेले आणि तेथील हरितगृहे मोडून पडली, हे फार कमी लोकांच्या लक्षात राहिले. समुद्र ज्यांनी कधीमधी सहलीपुरता पाहिला, त्या शेतकऱ्यांचे नुकसान अरबी समुद्रातल्या वादळाने केले. आपला बचाव मार्ग थोडा दक्षिणेला सरकल्याने झाला. त्यात आपल्या तयारीचा वाटा नव्हता.

पुढच्याच वर्षी, 17 मे 2021 रोजी, ‘तौक्ते’ मुंबईपासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतर राखून समुद्रातूनच उत्तरेकडे गेले आणि रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकले. ते आपल्याकडे आलेच नाही, असे म्हणता येईल, आणि तरीही सांताक्रूझला त्या दिवशी 200 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तोही मे महिन्यात. आमच्या रस्त्यावरचे जुने पर्जन्यवृक्ष मुळांसकट उन्मळले. त्यांच्या बुंध्याभोवती सिमेंट-काँक्रीट इतके घट्ट बसवले होते की मुळांना पसरायला आणि पाण्याला मुरायला दोन्हीला वाव नव्हता. नालेसफाई अर्धवट होती, कारण ती जूनपूर्वी संपवायची असा प्रघात आहे आणि वादळ मे महिन्यात आले. अरबी समुद्रातली वादळे प्रामुख्याने मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन काळांत येतात. नोव्हेंबर 2009 मध्ये ‘फयान’ने अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडला होता, तो दुसऱ्या काळातला. म्हणजे आपल्या सगळ्या पावसाळी व्यवस्था ज्या कॅलेंडरवर चालतात, त्याच्या दोन्ही टोकांबाहेर वादळाचा काळ पडतो. नालेसफाईची मुदत 31 मे ऐवजी एप्रिलअखेर असावी आणि ऑक्टोबरमध्ये एक फेरी पुन्हा व्हावी, ही मागणी मी दर वर्षी प्रभागाच्या बैठकीत मांडतो आणि पुढेही मांडत राहीन.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण गल्लत होते. जुलै-ऑगस्टमधले आपले महापूर चक्रीवादळाचे नसतात. त्या महिन्यांत खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांच्या दिशा आणि वेग इतके भिन्न असतात की वादळाचा भोवरा उभाच राहू शकत नाही. त्या काळात बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रे मध्य भारतातून पश्चिमेकडे सरकतात आणि अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा खेचून घेतात, कोकण किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि सह्याद्री बाष्पाने लादलेल्या त्या वाऱ्याला उभा आडवा जातो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि अवघ्या वीस-एक किलोमीटरवर, अगदी समुद्राला लागून असलेल्या कुलाब्याला जेमतेम 73. समुद्राजवळचा माणूस कोरडा आणि आतला माणूस पाण्यात, याचे यापेक्षा मोठे उदाहरण शोधायची गरज नाही. त्या दिवशी बदलापूर, उल्हासनगर आणि कल्याण या सर्व ठिकाणी उल्हास नदी घरांत शिरली. बदलापूर समुद्रापासून 40 किलोमीटरहून अधिक आत आहे.

पुढे 26 जुलै 2019 च्या रात्री बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि स्थानिक गावकरी यांनी हजारांहून अधिक प्रवाशांना बाहेर काढले. तेव्हा दूरचित्रवाणीवर ती गाडी दिवसभर दिसत होती. ज्या शेतांतून, वसाहतींतून ते पाणी आले होते त्या मात्र फारशा दिसल्या नाहीत. माझी मावसबहीण बदलापूर पश्चिमेला राहते. तिच्या इमारतीत तळमजल्याची मंडळी त्या रात्री तिसऱ्या मजल्यावर बसून होती, आणि त्यांना नदीची पातळी किती आहे, बारवी धरणातून पाणी सुटले आहे का, याची खात्रीची माहिती देणारा एकही संदेश पहाटेपर्यंत मिळाला नाही. फोनवर फिरत होत्या त्या केवळ अफवा. बारवी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात. म्हणून खालच्या गावांना त्याची पूर्वसूचना वेळेवर आणि मराठीत, आकड्यांसह मिळणे फार महत्त्वाचे आहे.

आता ठाणे शहर. पश्चिमेला येऊरचा डोंगर, उत्तरेला उल्हास नदीची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि तिच्यापलीकडे कळवा-मुंब्र्याच्या डोक्यावर पारसिकचा डोंगर. येऊरवर पडलेला पाऊस मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली या भागांतल्या नाल्यांतून वाहत, घोडबंदर रस्त्याखालच्या मोऱ्यांतून खाडीला मिळतो. उतार तीव्र आहे आणि अंतर कमी, त्यामुळे डोंगरावर जोराची सर आली की तासाभरात नाला काठोकाठ येतो. पूर्वी हे पाणी वाटेत भातखाचरांत आणि तलावांत थांबत थांबत जाई. आज तेथे इमारती आणि वाहनतळ आहेत आणि नाल्यांना दोन्ही बाजूंनी भिंती घातल्या आहेत. भिंतींमुळे नाला अरुंद झाला आणि पाण्याचा वेग वाढला, म्हणजे वरच्या वस्तीची सोय झाली आणि खालच्या वस्तीवर लोट अधिक जोराने येऊ लागला.

खालच्या टोकाला खाडी आहे, आणि खाडी म्हणजे आत आलेला समुद्रच. भरतीचे पाणी थेट आपल्या नाल्यांच्या तोंडाशी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईला भरतीची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते. ठाण्यापर्यंत ती थोड्या उशिराने पोहोचते. चक्रीवादळ जवळून गेले तर वारा समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे लोटतो आणि ही पातळी आणखी चढते, आणि खाडी आत निमुळती होत गेल्यामुळे शिरलेल्या पाण्याला पसरायला जागा मिळत नाही. भरती, वादळाने लोटलेले पाणी आणि डोंगरावरून आलेला लोट हे तिन्ही एकाच वेळी जुळले, तर ज्या ठाणेकराने आयुष्यात समुद्रकिनाऱ्यावर घर घेतले नाही त्याच्या घरात समुद्र येऊ शकतो. म्हणूनच पावसाच्या इशाऱ्याबरोबर भरतीचे वेळापत्रक पाहण्याची सवय मला सर्वांत उपयोगी वाटते. ऑरेंज अलर्ट आणि ओहोटी असेल तर वंदना एसटी आगारासारख्या सखल भागांतले पाणी दोन-तीन तासांत उतरते. यलो अलर्ट असला तरी उधाणाची भरती असेल तर तेच पाणी तुंबून राहू शकते.

या जुळणीची जाण आपल्या आगरी आणि कोळी समाजाला पिढ्यान्‌पिढ्या होती. खाडीकाठची खाजणे भरतीपासून वाचवण्यासाठी मातीचे बांध घालत आणि बांधात उघाडी ठेवत. भरतीच्या दाबाने उघाडीचे झाकण आपोआप मिटे, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ते उघडे आणि शेतातले पाणी बाहेर जाई. झाकण मिटलेले असताना पडलेला पाऊस आत कुठेतरी साठवावा लागतो हे त्यांना ठाऊक होते, म्हणून सर्वांत सखल तुकडा मोकळा ठेवला जाई. 1970 मध्ये सिडको स्थापन झाल्यावर नवी मुंबईची उपनगरे याच खाजणांवर भराव टाकून वसली, आणि त्यांच्या रचनेत हेच तत्त्व वापरले गेले. नाल्यांच्या तोंडाशी धारण तलाव, त्यांना खाडीच्या बाजूने झडपा, भरतीच्या काळात शहराचे पाणी तलावात थांबणार आणि ओहोटीला बाहेर जाणार. बेलापूर, वाशीसारखे सखल विभाग मुसळधार पावसातही बऱ्याचदा तग धरतात ते या तलावांच्या जोरावर. मात्र अनेक तलाव गाळाने भरले आहेत, काहींत कांदळवन वाढले आहे, आणि कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्याने गाळ काढण्याची परवानगी मिळवणे हा वर्षानुवर्षे चालणारा व्यवहार झाला आहे. दोन्ही बाजूंना बळ आहे असे मी म्हणेन. तिवरांची मुळे लाटांचा आणि वादळी उधाणाचा जोर मोडतात, ती तोडून शहर सुरक्षित होणार नाही. पण पाणी साठवण्यासाठी खोदलेला तलाव पाणी साठवू शकत नसेल, तर त्याच्या मागची वस्ती झडप बंद असताना पाण्यातच राहणार. तलावाच्या आतले कांदळवन आणि खाडीकाठचे मूळचे कांदळवन यांत फरक करणारा निर्णय लवकर व्हायला हवा.

घर घेताना काय पाहावे, हा प्रश्न मला तरुण नातेवाईक वारंवार विचारतात. जलसंपदा विभाग नद्यांच्या काठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘100 वर्षांतून एकदा’ ऐकले की 2005 ला पूर येऊन गेला, आता 2105 पर्यंत चिंता नाही, असा अर्थ लोक काढतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता एवढाच आहे, आणि गेल्या वर्षी पूर आला म्हणून या वर्षीची शक्यता कमी होत नाही. 20 वर्षांचे गृहकर्ज घेतले तर त्या मुदतीत लाल रेषेपर्यंतचा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे 18 टक्के भरते. निळ्या रेषेवरच्या घरासाठी तीच शक्यता 56 टक्के होते, म्हणजे कर्ज फिटण्याआधी पूर येणे हे न येण्यापेक्षा अधिक संभवनीय. हा हिशेब गेल्या काही दशकांतला पाऊस आणि पूर धरून आहे. नदीपात्रात भराव पडला किंवा अरबी समुद्राचे तापमान वाढत गेले, आणि ते वाढते आहे, तर रेषा तेथेच राहतात आणि पाणी पुढे सरकते. जाहिरातीत ‘नदीकिनारी निवांत जीवन’ लिहिलेल्या प्रकल्पाच्या कार्यालयात पूररेषेचा नकाशा मागून पाहावा. तो दाखवण्यास टाळाटाळ झाली तर मी तेथे घर घेणार नाही.

जे आधीच राहत आहेत त्यांच्या हातातली गोष्ट म्हणजे त्यांची गृहनिर्माण संस्था. 2000 चौरस मीटरच्या भूखंडावर 200 मिलिमीटर पाऊस पडला तर 4 लाख लिटर पाणी होते, म्हणजे 10 हजार लिटरचे 40 टँकर, आणि हे केवळ आपल्या कुंपणाच्या आतले. ते कुठून बाहेर जाते आणि बाहेरचा नाला भरलेला असेल तर ते उलटे कुठे शिरते, हे संस्थेच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याला माहीत असले पाहिजे. आमच्याकडे पाहणी केली तेव्हा विजेच्या मीटरची खोली आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे झाकण ही दोन्ही आवारातल्या सर्वांत सखल कोपऱ्यात आढळली. टाकीत गटाराचे पाणी शिरले की सगळ्या मजल्यांवर आजार पोहोचतो. झाकणाभोवती आम्ही दोन फूट उंचीचा कठडा बांधला. मीटर वर हलवण्याचे काम खर्चिक आहे आणि वीज कंपनीच्या मंजुरीवर अवलंबून आहे, ते सुरू आहे. पाणी चढू लागताच लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची, तळघरातल्या गाड्या आधीच बाहेर काढायच्या, आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी ओसरल्यावर कदापि सुरू करून पाहायची नाही. इंजिनात पाणी शिरलेले असताना चावी फिरवली तर होणारे नुकसान साध्या सर्वसमावेशक विम्यात बहुधा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेल्यांनी, विशेषतः पायाला जखम असेल तर, त्याच दिवशी डॉक्टरांना भेटून लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी विचारावे. 2005 च्या पुरानंतर मुंबईत या आजाराने बळी घेतले होते.

वाऱ्याला मी कमी लेखतो असे मात्र कोणी समजू नये. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला जे महाकाय होर्डिंग कोसळून 17 जणांचा जीव गेला, ते चक्रीवादळाने पडले नव्हते. उन्हाळी वादळाच्या एका झंझावाताने पडले होते. गच्चीवरचे पत्रे, मोबाइलचे मनोरे, सौरपट्ट्या यांची बांधणी एप्रिलमध्ये तपासून घेणे हे एका दिवसाचे काम आहे.

हवामान विभागाच्या इशाऱ्यांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्यासारख्यांसाठीच आहे. चक्रीवादळाचा इशारा चार टप्प्यांत दिला जातो. पहिला साधारण 72 तास आधी, दुसरा 48 तास, तिसरा 24 तास, आणि चौथा किमान 12 तास आधी. हा चौथा टप्पा किनारा ओलांडल्यानंतर वादळ कोणत्या दिशेने जाईल आणि आतल्या जिल्ह्यांत काय परिणाम होतील याविषयी असतो. वृत्तवाहिन्या तोपर्यंत किनाऱ्यावरच्या लाटा दाखवण्यात गुंतलेल्या असतात आणि हे निवेदन दुर्लक्षित राहते. ते विभागाच्या संकेतस्थळावर मिळते. संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर कुठलेही चित्र पुढे पाठवण्यापूर्वी कोणीतरी एकाने ते वाचून दोन ओळींत सांगावे, ही जबाबदारी आमच्याकडे आम्ही नावानिशी वाटून दिली आहे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 आणि तातडीच्या मदतीचा 112 हे क्रमांक प्रत्येक लिफ्टशेजारी लावले आहेत.

राहिला प्रश्न कुंपणाबाहेरच्यांचा. आमच्या मागच्या भिंतीला लागून नाला आहे आणि नाल्यापलीकडे बैठ्या चाळी. कळवा-मुंब्र्याच्या डोंगरउतारावरची घरे दर जुलैत दरडीच्या छायेत असतात. जुलै 2021 मध्ये कळव्याच्या घोलाईनगरात दरड कोसळून एकाच कुटुंबातली माणसे गेली. महापालिका दर वर्षी धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते आणि सी-1, म्हणजे अतिधोकादायक, वर्गातल्या इमारती पावसाळ्यापूर्वी रिकाम्या करण्याच्या नोटिसा देते. पण माणूस घर सोडत नाही, कारण जायला जागा नसते आणि सोडलेले घर परत मिळेल याची हमी नसते. त्यांना ‘ऐकत नाहीत’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आमच्या संस्थेत पहिल्या मजल्यावर एक सभागृह आहे, वर्षातले बहुतेक दिवस ते बंद असते. रेड अलर्टच्या रात्री ते नाल्याकाठच्या कुटुंबांसाठी उघडावे, किल्ली रखवालदाराकडे असावी आणि पाण्याचे पिंप भरून ठेवावे, असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवला आहे. दोन सभासदांनी सुरक्षेचा आणि वीजबिलाचा प्रश्न काढला आहे. चाळीतल्या कुटुंबांची नावे आधीच नोंदवून घेऊन सुरक्षेची शंका दूर करता येईल, आणि त्या रात्रींचे वीजबिल भरण्याची तयारी सात सभासदांनी लेखी दिली आहे.